प्रश्न वाचकांचे : भायखळ्याच्या फुटपाथवरून

मागच्या अंकात बेघर कुटुंबांच्या संस्थांबद्दल लिहिताना ओघात मुंबईतल्या फुटपाथवरच्या बायकांच्या ‘महिला मिलन’चं नाव घेतलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. संस्थांच्या हिशेबाच्या वह्या तपासण्यात माझी नोकरीची वर्षं गेली आणि ऐंशीच्या दशकात मी माझगावला राहायचे, त्यामुळे या विषयावर मला थोडं जास्तच बोलायचं असतं. संपादकांनी यावेळी पानं वाढवून दिली आहेत.

ताई, ‘महिला मिलन’ ही संस्था नक्की कुणी सुरू केली? आमच्या घरी यावरून वाद झाला. यजमान म्हणतात, मागे कुणीतरी मोठा दाता असणार, त्याशिवाय असल्या गोष्टी उभ्या राहत नाहीत. – एक वाचक, सोलापूर

यजमानांना सांगा, सुरुवातीला दाता नव्हता. पालिकेची तोडकामाची गाडी होती.

१३ जुलै १९८१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं, की मुंबईच्या फुटपाथांवर राहणाऱ्यांना हटवायचं आणि ज्याला त्याला आपापल्या मुलखात धाडायचं. तेही भर पावसाळ्यात. २३ जुलैला तोडकाम झालं तेव्हा एका कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवून देण्यात आलं. त्यांची हकिगत पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आली आहे. बायको आणि मुली सेलमलाच राहिल्या. तो माणूस काम शोधत मुंबईला परतला आणि पुन्हा फुटपाथवरच आला. गावात काम नव्हतं म्हणूनच तर तो पहिल्यांदा निघाला होता. एवढी गोष्ट मंत्रालयात कुणालाच कळत नव्हती असं मी मानत नाही. ती सोयीची नव्हती, इतकंच.

पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर काही जण न्यायालयात गेले. पुढची चार वर्षं प्रकरण चाललं. तोवर भायखळा-नागपाडा भागातल्या गल्ल्यांत, सोफिया झुबेर रोडला, दिमटिमकर रोडला, झुला मैदानाच्या कडेनं, भिंतीला टेकवलेली झोपडी तशीच होती. बांबू, गोणपाट, प्लास्टिक, वर दोरीनं आवळलेलं. मी रोज भायखळा स्टेशनाकडे चालत जायचे. सकाळी बायका चूल पेटवून, भांडी घासून धुण्याभांड्याच्या कामाला निघालेल्या असत. तरी आमच्या चाळीत त्यांना ‘भिकारी’च म्हणत.

१९८४ मध्ये शीला पटेल, प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पार्क’ काढली. सोसायटी फॉर द प्रमोशन ऑफ एरिया रिसोर्स सेंटर्स असं भारदस्त नाव, आणि जागा मात्र भायखळ्यातल्या पालिका दवाखान्याच्या आवारातलं गॅरेज. ही मंडळी याच भागात आधी समाजसेवेचं काम करत होती. शिकवणीवर्ग, लसीकरण, बालवाडी सगळं चालायचं. पण ज्यांच्यासाठी चालायचं त्यांचं घर दर थोड्या दिवसांनी ट्रकमध्ये भरून जायचं, आणि त्यावर संस्थेकडे करण्यासारखं काही नसायचं. म्हणून त्यांनी वेगळं काढायचं ठरवलं, आणि सुरुवात फुटपाथवरच्या बायकांपासून केली. झोपडं उभं करणारी, सावरणारी, गाडी आली की सामान ओढून काढणारी बाईच असते. पुरुष त्या वेळी हमालीला नाहीतर गोदीवर गेलेला असतो.

१० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. न्यायालयानं तोडकामाला ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगितलं. म्हणजे पाऊस सरला की गाड्या येणार, आणि हाताशी साडेतीन महिने. दुसऱ्या कुणी या काळात मोर्चे काढले असते, वर्गण्या गोळा केल्या असत्या. यांनी माणसं मोजली. पालिकेच्या ई विभागातल्या, म्हणजे भायखळ्याच्या भागातल्या, आणि मुख्य रस्त्यांवरच्या फुटपाथांवर झोपडं न् झोपडं हिंडून सुमारे ६,००० कुटुंबांची, म्हणजे जवळजवळ २७,००० माणसांची नोंद केली. कुठून आलात, कधी आलात, काम काय, मजुरी किती, कामावर कसे जाता. या अहवालाचं नाव ‘वुई, द इनव्हिजिबल’.

हिशेबवाली म्हणून मला या मोजणीचं अप्रूप वाटतं. तोपर्यंत फुटपाथवरच्या माणसाबद्दल प्रत्येकाकडे मत होतं, आकडा कुणाकडेच नव्हता. आकडा आल्यावर दिसलं, की ही माणसं काल आलेली नाहीत, बरीच वर्षं इथं आहेत, त्यांची मुलं याच फुटपाथवर जन्मली आहेत, आणि शहराची स्वस्तातली कामं तीच करतात. कामाच्या जागेपर्यंत चालत जाता यावं म्हणून ती फुटपाथवर राहतात. गाडीभाडं परवडत नाही. दुसरं असं, की मोजणीच्या निमित्तानं एका रस्त्यावरच्या बाईला दुसऱ्या रस्त्यावरची बाई भेटली. दोघींचंही झोपडं तुटलेलं, दोघींनाही रेशनकार्ड नाही, कारण कार्डाला पत्ता लागतो.

त्यातून त्या एकत्र येऊ लागल्या. रेशन ऑफिसात एकटी गेली तर हाकलतात, दहा जणी गेल्या तर साहेब निदान मान वर करून बघतो. पोलीस ठाण्याचंही तसंच. गाडी येणार असं कळलं की त्या आपलं झोपडं स्वतःच उतरवून ठेवू लागल्या, म्हणजे बांबू-पत्रे, भांडीकुंडी जप्त होत नाहीत. गाडी गेली की पुन्हा उभं. लढाई म्हणून हे दिसायला फार मर्दानी नाही, पण भांडी वाचतात. आणि ज्या बाईनं दर तोडकामात पातेली गमावली आहेत तिला याचा अर्थ विचारा.

याच सुमारास जॉकिन अर्पुथम या मंडळींना येऊन मिळाले. मानखुर्दच्या जनता कॉलनीचे पुढारी. अणुशक्ती केंद्राजवळची ती वसाहत १९७६ मध्ये आणीबाणीत उठवून माणसं चीता कॅम्पला नेली, त्या लढ्यातून घडलेला माणूस. त्यांचं नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आधीपासून होतं, पण त्यात पुढे सगळे पुरुष. मोर्च्याला बायका, बैठकीला पुरुष, हे त्यांना स्वतःलाच खटकत होतं. १९८६ मध्ये फुटपाथवरच्या बायकांच्या गटांना ‘महिला मिलन’ हे नाव मिळालं, आणि तेव्हापासून स्पार्क, फेडरेशन आणि महिला मिलन अशी तिघांची जोडणी झाली. जॉकिनना २००० मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये त्यांना आणि शीला पटेलांना पद्मश्री. २०१८ मध्ये जॉकिन गेले.

मोठी देणगी, परदेशी निधी वगैरे पुढे आलंच, नाही असं नाही. पण आधी काय होतं हे तुम्ही विचारलंत, म्हणून यजमानांचा मुद्दा मी बाद धरते.

ओल्गा टेलिस खटला फुटपाथवासीयांनी जिंकला असं आम्हाला वर्गात शिकवलं. मग तोडकामं चालूच कशी राहिली? – कायद्याचा विद्यार्थी, नाशिक

कारण निम्मा खटला ते हरले होते. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठानं सांगितलं, की राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. हे तुमच्या वर्गात सांगितलं जातं आणि ते मोठंच आहे. त्याच निकालात असंही म्हटलं आहे, की फुटपाथ चालण्यासाठी आहेत, त्यावर घर करण्याचा हक्क कुणालाच नाही, आणि १८८८ च्या महापालिका कायद्याचं ३१४ वं कलम वैध आहे. नोटीस द्या, ऐकून घ्या, मग हटवा. १९७६ च्या सरकारी मोजणीतली ओळखपत्रं ज्यांच्याकडे होती त्यांना मालवणीला किंवा दुसरीकडे पर्यायी जागा द्यावी, असंही त्यात आहे. पण १९७६ चं कार्ड जपून ठेवायला कपाट लागतं, कपाटाला घर लागतं.

निकालपत्र सबंध वाचा. मार्गदर्शिका वाचून वकील होता येतं, पण अशा अशिलाच्या उपयोगी पडता येत नाही.

तुमच्या लेखात ‘महिला मिलन’च्या बायकांकडून रोज बचत गोळा करतात असं वाचलं. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही त्यांच्याकडून पैसे घेणं मला क्रूर वाटतं. मदत करायची तर द्यावं, घ्यावं कशाला? – निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

साहेब, तुम्ही बँकेत होतात म्हणून तुम्हाला बँकेच्या भाषेत सांगते: या बायकांना कुणी खातं उघडून देत नव्हतं. पत्ता नाही, सही नाही, ओळख देणारा नाही. आणि पैसा मात्र त्यांच्याकडे यायचा, रोज थोडा थोडा. तो ठेवायचा कुठे? कमरेला, डब्यात, नाहीतर किराणावाल्याकडे. डबा गाडीत जायचा. किराणावाला वेळेला देईलच याची खात्री नाही. आजारपण आलं की सावकार, आणि सावकाराचा दर तुम्ही कधी लावला नसेल असा.

महिला मिलनमध्ये त्यांच्यातलीच एक बाई रोज झोपड्या-झोपड्यांतून फिरून रुपया, दोन रुपये, जे असेल ते घ्यायची. नसेल त्या दिवशी नाही. सगळ्यांनी सारखेच भरावेत असा नियम नव्हता, आणि हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण सारख्या हप्त्याच्या भिशीतून सगळ्यांत गरीब बाईच आधी गळते. लिहिता-वाचता येत नसे, तर प्रत्येकीची एक प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात रंगीत कागदाचे चौकोनी तुकडे. एका रंगाचा एक रुपया, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचे पाच. पिशवी उघडली की बाईला आपली शिल्लक दिसते. मी आयुष्यभर वह्या तपासल्या. इंग्रजीत लिहिलेल्या, सुबक अक्षरातल्या, सनदी लेखापालाची सही असलेल्या. त्यांतल्या कितीतरी, ज्यांचा पैसा होता त्यांना वाचताच येत नव्हत्या. रंगीत तुकड्यांचा हिशेब मी त्यांच्या वर ठेवते.

या पैशातून अडीनडीला कर्ज मिळे: औषधाला, रेशन भरायला, गावी मयतीला जायच्या तिकिटाला. कर्ज कुणाला द्यायचं हे त्या फुटपाथवरच्या बायकाच ठरवत. कोण खरंच अडलं आहे आणि कुणाचा नवरा दारू पिऊन आला आहे, हे तुमच्या-माझ्यापेक्षा शेजारणीला जास्त कळतं.

आणि रोजच्या फेरीत पैशाइतकीच बातमी गोळा होते. कुणाची मुलगी शाळेत गेली नाही, कुणाला ताप आहे, कोणत्या रस्त्यावर काल पालिकेचा माणूस येऊन पाहून गेला. आठवड्यातून एकदा बैठक घेणाऱ्या संस्थेला हे आठवड्यानं कळतं.

द्यावं, घ्यावं कशाला, असं तुम्ही म्हणता. द्या की. दोन्ही चालू शकतं. पण नुसतं देणाऱ्या संस्थेत देणाऱ्याचं चुकलं तर त्याला जाब विचारण्याची सोय नसते. जिचे दोन रुपये आत आहेत ती बाई भांडते. हे मी कार्यालयात बसून पाहिलं आहे. घेणाऱ्यांचा काही पैसा आत असलेल्या संस्थांच्या बैठका लांबायच्या, आवाज चढायचे, आणि वह्या चोख असायच्या.

पण शेवटी घरं मिळाली का? – पोस्टकार्ड, नाव-गाव नाही

मिळाली, पण केव्हा ते पाहा.

घर कसं हवं हे बायकांनी १९८६-८७ मध्येच ठरवायला घेतलं होतं. फूट आणि इंच कुणाला सांगता येईना, तर साडी पसरून मापं घेतली. बांबू आणि कापडाची खऱ्या आकाराची घरं उभी करून प्रदर्शन मांडलं. त्यांनी जे घर काढलं त्याची उंची चौदा फूट होती आणि त्यात पोटमाळा होता. जमीन मिळणार तेवढीच, मग माळ्यावर मुलं झोपतील, खाली चूल आणि काम. वास्तुशास्त्राच्या शिकल्या-सवरल्या लोकांनी याचं कौतुक केलं. मला कौतुक कमी आणि ओळख जास्त वाटली. आमच्या चाळीत सगळ्यांनी हेच केलं होतं, कुणाला न विचारता.

सरकार म्हणे, मुंबईत जमीनच नाही. तर त्या विकास आराखड्याचा नकाशा घेऊन शहरभर हिंडल्या आणि गरिबांच्या घरांसाठी राखलेले मोकळे भूखंड डोळ्यांनी पाहून आल्या.

फुटपाथवासी पुनर्वसनाला पात्र आहेत हे राज्य सरकारनं मान्य केलं ते १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात. १ जानेवारी १९९५ च्या आधीपासून राहत असल्याची अट आणि २२५ चौरस फुटांचं घर. मोजणीनंतर दहा वर्षांनी. प्रत्यक्षात मानखुर्दच्या मिलननगरात राहायला जाईपर्यंत आणखी काही वर्षं लागली. १९८५ मध्ये कडेवर असलेलं मूल तोवर कमावतं झालं होतं.

आता माझं मत, जे संस्थेतल्या काहींना आवडणार नाही. मानखुर्द लांब आहे. ज्या बाईचं काम भायखळ्यात होतं आणि जी चालत जाता यावं म्हणूनच फुटपाथवर राहिली, तिला पक्क्या घराबरोबर हार्बर लाईनचा पास मिळाला. तिनं तो घेतला, आनंदानं घेतला असेल, दाराला कडी असणं म्हणजे काय हे तिला माहीत आहे. पण १९८५ च्या मोजणीतला सगळ्यांत बोलका मुद्दा, कामाजवळ राहण्याचा, तो घर देताना मागे पडला. याचा दोष बायकांचा नाही. जमिनीचे भाव आणि शहर चालवणारे यांचा आहे.

आम्ही सात-आठ मैत्रिणी रस्त्यावरच्या कुटुंबांसाठी संस्था काढणार आहोत. नोंदणी कशी करावी? लेटरहेड छापून तयार आहे. – एक वाचक, कोल्हापूर

लेटरहेड फडताळात ठेवा.

नोंदणी सोपी आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला सात सभासद पुरतात, ते तुमच्याकडे आहेत. महाराष्ट्रात त्याबरोबर धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. प्राप्तिकराच्या सवलती नंतर बघता येतील. चांगला कर सल्लागार हे सगळं करून देईल.

पण नोंदणी झाली की लगेच कार्यकारिणी, इतिवृत्त, लेखापरीक्षण, वार्षिक विवरण सुरू होतं आणि पहिलं वर्ष त्यातच जातं. माझ्यासमोर आलेल्या कितीतरी संस्थांच्या वह्यांत पहिल्या वर्षाचा खर्च म्हणजे छपाई, उद्घाटन आणि हारतुरे. तुमच्या गावात किती कुटुंबं रस्त्यावर आहेत ते आधी मोजा. एकदा दिवसा आणि एकदा रात्री, कारण दोन वेगळे आकडे येतील. ती तिथंच का राहतात हे विचारा आणि उत्तर लिहून घ्या, सुधारू नका. त्यातल्या दोन-तीन बायका तुमच्या बैठकीला आल्या, बसल्या, बोलल्या, तर मग सात सभासदांत त्यांची नावं घाला. त्या येत नसतील तर नोंदणी करूच नका.

सरकारी निवारे असताना ही कुटुंबं तिथे जात का नाहीत? – एक वाचक, पुणे

निवारे आहेत कुठे, हा पहिला प्रश्न. मोठ्या शहरांत लाखामागे एक चोवीस तास उघडा निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं. त्यानंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांची योजना आली, लाखामागे निदान शंभर माणसांची सोय हे तिचं प्रमाण होतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त बेघर माणसं नोंदली गेली. गुणाकार तुम्ही करा.

दुसरं, बहुतेक निवारे एकट्या पुरुषाचा विचार करून चालतात. पुरुषांचं दालन वेगळं, बायकांचं वेगळं. बारा वर्षांचा मुलगा कुठे झोपणार? आईजवळ चालत नाही, परक्या पुरुषांत आई सोडत नाही. सामान ठेवायला जागा नाही, चूल नाही, हातगाडी बाहेर ठेवली तर सकाळी असेल की नाही. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत कुटुंबांसाठी वेगळ्या निवाऱ्यांचा उल्लेख होता. तुमच्या महापालिकेत तसा एकही आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येईल.

आमच्या सोसायटीसमोर पुलाखाली एक कुटुंब बरीच वर्षं राहतं. नवरा-बायको दोघांनाही मतदार व्हायचं आहे, पण पत्त्याचा पुरावा नाही. काही मार्ग आहे का? – एक वाचक, कल्याण

आहे, आणि तो फारच थोड्यांना माहीत आहे. त्यांना मतदार नोंदणीचा नमुना ६ भरायला मदत करा. पत्त्याच्या रकान्यात ते जिथं झोपतात ती जागा नेमकी लिहा: कोणता पूल, कोणता खांब, समोर कोणती इमारत. निवडणूक आयोगाच्या नियमानुसार बेघर माणसाच्या बाबतीत मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी येऊन, माणूस खरंच तिथं झोपतो का ते पाहतो. एकाहून जास्त रात्री येतो. खात्री झाली की राहण्याच्या जागेचा कागदोपत्री पुरावा लागत नाही.

अडचण येते ती अशी, की अर्ज भरल्यावर कुटुंब लग्नसराईच्या किंवा ऊसतोडीच्या कामाला निघून जातं आणि अधिकाऱ्याला जागा रिकामी दिसते. म्हणून त्यांचं काम कधी कुठे असतं ते आधी विचारा, आणि ते इथं असतील त्याच दिवसांत अर्ज द्या. तुमच्या भागाच्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन मतदार नोंदणी कार्यालयात मिळेल. त्याला आधी भेटून, पूल कोणता आणि ते रात्री किती वाजता परततात, हे सांगून ठेवा.